पुण्याच्या दारापासून लंडनच्या दारापर्यंत

आईबाबा पहिल्यांदाच लेकीकडे लंडनला निघाले असतील, तर बॅगा काढण्याआधी कागद-पेन घ्या आणि वेळ मांडा. मुंबई ते हीथ्रो सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. थेट विमानाला जाताना दहा तासांच्या आसपास लागतात. येताना वरचे पश्चिमेचे वारे पाठीशी असतात म्हणून बहुधा थोडे कमी. तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी मात्र करू नका. दुपारी दीडला सुटून संध्याकाळी सातला उतरणार असं दिसलं की बाबा म्हणणार, "साडेपाच तास? एवढंच?" दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्या साडेचार तास मागे, एरवी साडेपाच.

आता घरापासून मोजा. दीडच्या विमानाला साडेदहाला विमानतळावर, म्हणजे घाटातली कोंडी धरून पुण्याहून सहाला गाडी. मुंबईला आता दोन विमानतळ झालेत, तेव्हा ड्रायव्हरला "एअरपोर्ट" एवढंच सांगू नका. तिकिटावरचं नाव आणि टर्मिनल वाचून दाखवा. तिकडे उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, बॅगा, मग लेकीच्या घरी पोचायला साडेनऊ. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात. वीस तासांचा प्रवास, त्यातले विमानात निम्मेच! व्हीलचेअर मागायला बाबा लाजतील. तरी तिकीट काढतानाच मागून ठेवा. हीथ्रोवर चालणं बरंच असतं.

औषधं हातातल्या बॅगेतच, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. जाताना दिवस साडेचार-साडेपाच तासांनी लांबतो, त्यामुळे साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन कधी घ्यायचं हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. अंदाजाने नको. पॉवर बँकही हातातल्या बॅगेतच लागते. मोठ्या बॅगेत चालत नाही. आईला पायमोजे आणि शाल द्या, विमानात गार वाजतं. अधूनमधून उठून चालायलाही सांगा.

खरं भांडण खाऊवरून होतं. दूध-दुभत्याचे पदार्थ आणि मांस इथून ब्रिटनमध्ये नेता येत नाही, म्हणजे पेढे आणि घरचं तूप दोन्ही बाद. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही घरीच ठेवा; तेलामुळे खोबरं पेट घेऊ शकतं म्हणून ते चेक-इन बॅगेत टाकू देत नाहीत. लोणचं मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत घट्ट बांधून. चकल्या खुशाल न्या, तुटतील तेवढ्या तुटतील.

परतीच्या तिकिटावरची तारीख दोनदा बघा. रात्री नऊला निघालेलं विमान इथे दुसऱ्या दिवशी सकाळी उतरतं, आणि गाडी आदल्या दिवशीची सांगितली जाते. लेकीचा पत्ता पोस्टकोडसकट आणि तिचा फोन नंबर कागदावर लिहून आईच्या पर्समध्ये ठेवा. मोबाइलमध्ये आहेच, पण बाबांचा मोबाइल उतरेपर्यंत चार्ज असेलच असं नाही.