कायद्यात किंवा सर्जनशील कलांमध्ये संशोधन पदवी कशी करावी

संशोधन पदवीसाठी येणारा कायद्याचा विद्यार्थी बहुधा एक ठाम मत घेऊन येतो: अमुक कायदा अपुरा आहे, तो बदलायला हवा. नाटक, चित्र, संगीत किंवा लेखनातून येणारा उमेदवार आपलं कसब घेऊन येतो: मला हे चांगलं जमतं, आता यातच पीएचडी करायची. दोघांचीही शिदोरी मोलाची आहे. पण प्रवेश समिती तिसरंच काही विचारते. तुम्हाला अजून कळलेलं नाही असं काय आहे, आणि ते कळून घेण्याची तुमची रीत कोणती? हा प्रश्न सुटला नाही तर अर्ज कितीही नेटका असो, दुसऱ्या वर्षात काम रुतून बसतं. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये दुसऱ्या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या.

१. कोणती पदवी, हे आधी पाहा

संशोधनाधारित मास्टर्स साधारण १ ते २ वर्षांची असते आणि तिचा प्रबंध आटोपशीर असतो. पीएचडीला पूर्णवेळ ३ ते ४ वर्षं धरून चाला, अर्धवेळ केली तर जवळपास दुप्पट. नियम देशागणिक बदलतात. भारतात युजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं आहेत आणि एमफिल बंद झालं आहे. ब्रिटनमध्ये एमफिल अजून चालू आहे. अमेरिकेत कायद्यातली सर्वोच्च संशोधन पदवी एसजेडी किंवा जेएसडी या नावाने मिळते आणि तिच्याआधी बहुधा एलएलएम, म्हणजे कायद्यातली मास्टर्स, लागतं. एलएलएम मात्र अनेक ठिकाणी तासिका आणि परीक्षांवर चालतं. त्यामुळे नावात 'मास्टर्स' दिसलं म्हणून ती संशोधन पदवी आहे असं धरू नका. कलांमध्ये पीएचडीखेरीज 'डॉक्टर ऑफ क्रिएटिव्ह आर्ट्स' ही पदवीही काही विद्यापीठं देतात. ऑस्ट्रेलियात ती १९८४ पासून आहे.

मनात शंका असेल तर संशोधन मास्टर्सला नाव घालावं, असं मला वाटतं. काम चांगलं चाललं तर तिथून पीएचडीत बदली करून घेण्याची सोय पुष्कळ विद्यापीठांत असते. उलटा प्रवास, म्हणजे पीएचडीतून खाली येणं, मनाला फार लागतो.

२. मताचा किंवा कसबाचा प्रश्न करा

कायद्यातलं एक उदाहरण घेऊ. मे २०१४ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने गूगल स्पेन खटल्यात निर्णय दिला: एखाद्याच्या नावाने शोध घेतल्यावर जुने, आता गैरलागू झालेले दुवे दिसत असतील, तर ते यादीतून काढायला तो माणूस शोधयंत्राला सांगू शकतो. 'विसरलं जाण्याचा अधिकार' हा झाला विषय. 'हा अधिकार आणखी व्यापक हवा' हे झालं मत. प्रश्न असा होऊ शकतो: वृत्तपत्रांच्या ऑनलाइन संग्रहातून नाव वगळण्याची मागणी आली तेव्हा न्यायालयांनी मध्ये गेलेल्या काळाला किती वजन दिलं, आणि गुन्ह्याच्या बातमीत व दिवाणी वादाच्या बातमीत ते वेगवेगळं दिलं का?

फरक कुठे पडला ते पाहा. आता निवाड्यांची यादी करता येते, ते एकाच चौकटीतून वाचता येतात, आणि मुख्य म्हणजे उत्तर तुमच्या मताच्या विरुद्ध येऊ शकतं. मला हीच खरी कसोटी वाटते. उत्तर आपल्या विरुद्ध जाण्याची शक्यताच नसेल तर तो युक्तिवाद आहे, संशोधन नव्हे. वकिलीत मुरलेल्यांना हे जड जातं, कारण त्यांचं सगळं शिक्षण एका बाजूने भांडण्याचं असतं.

मग रीत ठरवायची. निवाडे आणि अधिनियम बारकाईने वाचून त्यांतली तत्त्वं मांडायची असतील तर ती तात्त्विक, म्हणजे डॉक्ट्रिनल पद्धत. न्यायालयांच्या फायली मोजायच्या किंवा न्यायाधीश, वकील, पक्षकार यांच्याशी बोलायचं तर अनुभवाधिष्ठित पद्धत. दोन देशांचे कायदे शेजारी ठेवायचे तर तौलनिक. तौलनिक पद्धतीत एक खड्डा ठरलेला असतो: एक प्रकरण एका देशाचं, दुसरं दुसऱ्याचं, आणि शेवटी दोन पानांची तुलना. तसं न करता प्रत्येक प्रकरण एका मुद्द्याचं ठेवा आणि दोन्ही देश त्यात आणा.

आता कला. समजा तुम्ही दिग्दर्शक आहात आणि खऱ्या साक्षींवर आधारलेलं नाटक करता. 'साक्षींवरचं नाटक' एवढ्यावर प्रवेश मिळणार नाही. पण असं विचारा: नट साक्षीदाराचं ध्वनिमुद्रण हेडफोनमधून ऐकत, त्याच्या अडखळण्यासकट, त्याच क्षणी बोलतो तेव्हा आणि तोच मजकूर पाठ करून बोलतो तेव्हा, त्याच्या श्वासात आणि देहबोलीत काय बदलतं? हे तालमीशिवाय कळणार नाही. एकच प्रवेश दोन-तीन रीतींनी बसवावा लागेल, प्रत्येक वेळची नोंद ठेवावी लागेल. कलेतल्या संशोधनाची कसोटी हीच: हे उत्तर ग्रंथालयात बसून मिळालं असतं का? मिळालं असतं, तर कलेचा इतिहास किंवा समीक्षा या शाखेत अर्ज करा. तेही उत्तम काम आहे, फक्त त्याची रीत निराळी.

ब्रिटिश कलाशिक्षणतज्ज्ञ ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये केलेली विभागणी इथे उपयोगी पडते: कलेविषयीचं संशोधन, कलेतून होणारं संशोधन आणि कलेसाठी केलेलं संशोधन. कादंबरी लिहिण्याआधी त्या काळाची कागदपत्रं चाळणं हे तिसऱ्या प्रकारात येतं. प्रत्येक गंभीर लेखक ते करतो, पण तेवढ्यावर पदवी मिळत नाही.

आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेची, म्हणजे ओईसीडीची फ्रास्काटी नियमावली अनेक देशांत संशोधन म्हणजे काय हे ठरवायला वापरतात. तिच्या २०१५ च्या आवृत्तीत पाच कसोट्या आहेत: काम नवं हवं, सर्जक हवं, निष्पत्ती आधी ठाऊक नसावी, ते पद्धतशीर हवं, आणि हाती आलेलं इतरांना पुढे देता यायला हवं. कायद्याच्या विद्यार्थ्याला तिसरी कसोटी अवघड जाते, कलावंताला पाचवी. हाताला कळलेली गोष्ट दुसऱ्याला वापरता येईल अशी मांडणं हे वेगळंच काम आहे, आणि पीएचडीची बरीचशी वर्षं त्यातच जातात.

प्रश्न तयार झाला की तो शाखेबाहेरच्या माणसाला ३ मिनिटांत सांगून पाहा. क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये याच वेळेची स्पर्धा सुरू केली आणि ती आता जगभर होते. ऐकणाऱ्याने 'मग काय सापडलं?' असं विचारलं तर प्रश्न चांगला आहे. त्याने नुसती मान डोलावली तर पुन्हा बसा.

३. मार्गदर्शक शोधा, विद्यापीठ नंतर

विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा. त्यांचं अलीकडचं लेखन वाचा, किंवा कलाकृती पाहा. त्यांच्या हाताखाली पूर्ण झालेले प्रबंध विद्यापीठाच्या संग्रहात सहसा खुले असतात, त्यांतले दोन तरी चाळा. त्यावरून मार्गदर्शक विद्यार्थ्याला मोकळीक देतात की स्वतःच्याच साच्यात बसवतात, हे लक्षात येतं.

पहिला ईमेल एका पानाच्या आत ठेवा: प्रश्न, रीत, त्यांच्या कोणत्या कामाशी तो जोडलेला आहे, आणि दोन पानांची टिपणी सोबत. एकच मजकूर वीस जणांना पाठवलेला कळतो. उत्तर आलं की संकोच न धरता विचारा: किती दिवसांनी भेट होईल, लिहिलेलं वाचून द्यायला किती वेळ लागतो, सध्या किती विद्यार्थी आहेत, येत्या ३ वर्षांत निवृत्ती किंवा दीर्घ रजा आहे का? यात उद्धटपणा नाही. चांगल्या मार्गदर्शकाला असे प्रश्न आवडतात.

कलेतल्या उमेदवाराने दोन मार्गदर्शक मागावेत, एक प्रत्यक्ष कला करणारा आणि एक सिद्धान्त जाणणारा. शिवाय तालमीची जागा, स्टुडिओ, ध्वनिमुद्रणाची सोय आणि प्रदर्शनाचा खर्च विद्यापीठ देतं का, हे लेखी घ्या.

४. आराखडा आणि अर्ज

आराखड्यात प्रश्न, आजवर झालेलं काम आणि त्यात राहिलेली फट, रीत, वर्षवार वेळापत्रक, एवढं हवं. मर्यादा १५०० शब्दांची दिली असेल तर १५००च लिहा. कायद्याला लेखनाचा नमुना लागतो, कलेला पोर्टफोलिओ. पोर्टफोलिओत सगळं भरू नका. प्रश्नाशी नातं सांगणारी मोजकी कामं ठेवा आणि प्रत्येकाखाली दोन ओळी लिहा. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख अनेकदा प्रवेशाच्या तारखेच्या बरीच आधी असते, म्हणून कॅलेंडर तिथपासून मागे मोजा.

५. पहिलं वर्ष

बऱ्याच विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या शेवटी एक चाळणी असते. तिथे लिहिलेलं प्रकरण आणि सुधारलेला आराखडा समितीपुढे मांडावा लागतो. प्रश्न या वर्षात बदलला तर घाबरू नका. जुन्या निवाड्यांचं किंवा आधीच्या कलाकृतींचं वाचन प्रश्नाला आकार देतं, त्यासाठीच ते वर्ष आहे.

माणसांच्या मुलाखती, ध्वनिमुद्रण किंवा कार्यशाळा करणार असाल तर नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या. मागाहून ती मिळत नाही, आणि तिच्याशिवाय जमवलेली सामग्री प्रबंधात वापरता येत नाही. साक्षींवर नाटक करणाऱ्याला हे विशेष लागू पडतं: साक्षीदाराने मुलाखतीला दिलेली संमती आणि रंगमंचावर आवाज वापरायला दिलेली संमती या वेगळ्या गोष्टी आहेत.

तळटीपांची पद्धत पहिल्या दिवशी ठरवा. कायद्यासाठी इंग्लंडमध्ये ऑस्कोला, ऑस्ट्रेलियात एजीएलसी, अमेरिकेत ब्लूबुक चालतं. झोटेरोसारखं मोफत साधन संदर्भ सांभाळतं, पण निवाड्यांचे दाखले ते नेहमी बिनचूक देत नाही, ते डोळ्यांनी तपासा.

कलावंताने तारखेसह वही ठेवावी. फेकलेले मसुदे, फसलेल्या तालमींचं चित्रण, बदललेला रंग, सगळं जपावं. प्रबंध लिहिताना अंतिम कृतीपेक्षा हेच जास्त कामाला येतं.

६. लिहिणं आणि घडवणं

कायद्याचा पीएचडी प्रबंध साधारण ८० हजार ते १ लाख शब्दांचा असतो. कृतीसह सादर होणाऱ्या कलेच्या प्रबंधात लेखी भाग पुष्कळ ठिकाणी ३० ते ४० हजार शब्दांवर येतो. नेमका आकडा नियमावलीतच पाहा. हा लेखी भाग म्हणजे कलाकृतीचं स्पष्टीकरण नव्हे आणि आत्मचरित्रही नव्हे. कृती करताना काय कळलं आणि ते आधीच्या ज्ञानात कुठे बसतं, हे त्यात यावं. कृती संपल्यावर एका उन्हाळ्यात लिहून काढू, हा बेत सोडा. दोन्ही कामं एकमेकांना ढकलत पुढे गेली तर लेखी भागाला जीव येतो.

कायद्याच्या विद्यार्थ्यासमोर निराळी अडचण आहे: लिहीत असताना कायदाच हलतो. वरच्या उदाहरणावर २०२० पासून काम करणाऱ्याला ४ जुलै २०२३ रोजी मोठा धक्का बसला असता. त्या दिवशी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने हुर्बेन विरुद्ध बेल्जियम या प्रकरणात वृत्तपत्र-संग्रहातील नावांबाबत निकष घालून दिले, आणि गेलेला काळ हा त्यांतला एक आहे. यावर उपाय एकच. कायद्याची स्थिती कोणत्या तारखेपर्यंत धरली आहे ते प्रबंधाच्या सुरुवातीला लिहा, आणि नंतर आलेला मोठा निवाडा छोट्या पुरवणीत घ्या.

७. परीक्षा, आणि प्रत जमा करताना

ब्रिटनमध्ये बंद खोलीत बहुधा दोन परीक्षकांपुढे व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, होते. नेदरलँड्स आणि स्वीडनमध्ये प्रबंधाचं जाहीर समर्थन करावं लागतं. ऑस्ट्रेलियात परीक्षकांच्या लेखी अहवालांवर निकाल देण्याची परंपरा मोठी आहे. पद्धत कोणतीही असो, दुरुस्त्या सांगितल्या जाणं हे नेहमीचंच आहे, त्याला अपयश समजू नका. तयारीसाठी प्रत्येक प्रकरणाचं म्हणणं एका वाक्यात लिहा आणि प्रबंधातल्या सर्वांत कच्च्या जागेवर स्वतःलाच प्रश्न विचारा.

प्रयोग किंवा प्रदर्शन परीक्षेचा भाग असेल तर परीक्षकांची नेमणूक प्रयोगाच्या कित्येक महिने आधी व्हायला हवी. प्रयोग होऊन गेल्यावर नेमलेल्या परीक्षकाला चित्रणच पाहावं लागतं, आणि चित्रणात रंगमंचावरचं पुष्कळ काही हरवतं. तरीही चांगलं चित्रण करून घ्याच.

शेवटी प्रत जमा करताना हक्कांचं पाहा. इतरांची गाणी, छायाचित्रं, उतारे वापरले असतील तर परवानगीची पत्रं सोबत लागतात. तुमची कादंबरी किंवा नाटक विद्यापीठाच्या खुल्या संग्रहात गेलं तर काही प्रकाशक ते घ्यायला कचरतात. अशा वेळी सर्जनशील भाग ठरावीक मुदतीपर्यंत वाचकांना खुला न करण्याची सवलत, म्हणजे एम्बार्गो, मागता येते. जर्मनीत मात्र प्रबंध प्रकाशित केल्याशिवाय डॉक्टर हे बिरुद लावता येत नाही, त्यामुळे तिथे शिकणाऱ्याने प्रकाशनाच्या अटी पहिल्याच वर्षी वाचाव्यात. एम्बार्गोचा अर्ज प्रत जमा करण्याआधी द्यायचा असतो.