नेल म्हणजे खिळा, आणि कधीकधी नख

माझे वडील सुतार. कराडजवळच्या आमच्या गावात त्यांच्या पेटीत दोन इंची खिळे, तीन इंची खिळे आणि बारीक चुका वेगवेगळ्या डब्यांत असायच्या. त्यामुळे इंग्रजीतला 'नेल' मला कधी अडवेल असं वाटलं नव्हतं. मराठी माध्यमातून शिकले, इंजिनिअरिंग केलं आणि हिंजवडीत पहिली नोकरी लागली, ब्रिटिश क्लायंटच्या प्रोजेक्टवर. तिसऱ्याच आठवड्यात कॉलवर तिकडची मॅनेजर म्हणाली, 'लेट्स नेल डाऊन द स्कोप बाय थर्सडे.' माझ्या कानात फक्त 'डाऊन' शिरलं. म्हणजे काम कमी करायचंय! रात्री बसून यादीतली सहा कामं उडवली आणि मेल पाठवून झोपले. सकाळी टीम लीडने शांतपणे विचारलं, "ही सहा कामं काय मांजरानं पळवली?"

नेल डाऊन म्हणजे पक्कं करणं. तारीख, किंमत, कामाची हद्द, जे काही अजून हलतंय ते खिळा ठोकून एका जागी बसवायचं.

त्या दिवशी वहीत एक पान 'नेल'च्या नावाने काढलं. नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींना मी तेच सांगते. हजार वाक्प्रचारांची यादी पाठ करायला जाऊ नका, टिकत नाही. एक वस्तू धरा आणि तिच्याभोवती काय काय जमतं ते बघा.

पहिली चाळणी ही, की समोरचा खिळ्याबद्दल बोलतोय की नखाबद्दल. इंग्रजीला दोन्हींसाठी एकच शब्द. 'फाइट टूथ अँड नेल' म्हणजे दातानखांनी, जिवाच्या आकांतानं लढणं. तिथे खिळ्याचा संबंध नाही. 'नेल बायटिंग फिनिश' म्हणजे शेवटच्या षटकापर्यंत नखं खायला लावणारी मॅच. एका वाक्प्रचारात तर लोकांनाच घोळ आहे. 'पे ऑन द नेल' म्हणजे जागच्या जागी रोख मोजणं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या कॉर्न स्ट्रीटवर ब्राँझचे चार बुटके खांब आहेत, माथ्यावर छोट्या टेबलासारखी सपाट तबकडी. त्यांना 'नेल्स' म्हणतात. व्यापारी त्यावर पैसे ठेवून सौदा पुरा करत, त्यावरूनच हा प्रयोग आला असं तिथे सांगितलं जातं. गोष्ट छान आहे, पण अभ्यासकांचा कल नखाकडे आहे, कारण फ्रेंचमध्येही 'नखावर' पैसे देणं म्हणतात. आपला 'रोखठोक' मुळात याच घरचा. आता तो व्यवहार सोडून बोलण्याला चिकटलाय.

ऑफिसात सगळ्यात जास्त कानावर पडेल ते 'हिट द नेल ऑन द हेड'. १५व्या शतकापासून चालत आलेला हा प्रयोग. नेमकं तेच बोललात, असा अर्थ. मी आधी समोर 'वर्मावर बोट ठेवलं' असं लिहिलं होतं, मग खोडलं. वर्मावर बोट ठेवलं की कुणाला तरी दुखतं. इथे कुणाला दुखलंच पाहिजे असं नाही. 'यू नेल्ड इट' म्हणजे शाबासकी. पण 'दे नेल्ड हिम' म्हणजे त्याला पकडला, बहुधा पुराव्यासकट. इट आणि हिम यांत एवढा फरक!

'नेल युअर कलर्स टू द मास्ट' यातले कलर्स रंग नव्हेत, जहाजाचा झेंडा. आरमारी लढाईत झेंडा उतरवणं म्हणजे शरणागती. तोच डोलकाठीला खिळ्यांनी ठोकला तर उतरवायचा कसा? १७९७ साली कॅम्परडाऊनच्या लढाईत डच आरमाराशी झुंजताना जॅक क्रॉफर्ड हा खलाशी गोळीबारात डोलकाठीवर चढला आणि पडलेला झेंडा खिळ्यांनी ठोकून आला. मीटिंगमध्ये हे कुणी म्हणालं तर समजा, गडी आपलं मत उघड जाहीर करतोय आणि मागे फिरणार नाही.

माझा लाडका मात्र जेलीवाला. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९१५च्या एका पत्रात, पनामाच्या प्रकरणाबद्दल, कोलंबियाच्या राज्यकर्त्यांशी करार करण्याची तुलना भिंतीवर जेली खिळ्यानं ठोकण्याशी केली. दर सोमवारी रिक्वायरमेंट बदलणारा क्लायंट ज्याला भेटलाय त्याला हे समजावावं लागत नाही.

'फायनल नेल इन द कॉफिन' तुम्ही मराठीतही वाचलं असेल. आपल्याकडे बहुतेकांची तिरडी बांधतात, तरी पेपरात पक्षाच्या नाहीतर कारखान्याच्या 'शवपेटीवर शेवटचा खिळा' ठोकलेला असतो. मला ते कधी पटलं नाही. उलट आपलं 'इथेच खरी मेख आहे' इंग्रजीत न्यायचा मोह आवरा. मेखही खिळ्यासारखीच ठोकायची वस्तू, पण तिथे 'नेल' म्हणालात तर कुणाला कळणार नाही.

सुरुवातीचे सहा महिने हे सगळं फक्त ऐका. स्वतःच्या मेलमध्ये साधं 'कन्फर्म' लिहा. पलीकडे जर्मन किंवा जपानी माणूस असेल तर तोही तुमच्यासारखाच गोंधळलेला असू शकतो.

'डेड ॲज अ डोअरनेल'शी मी आठवडाभर अडले होते. अर्थ सोपा, पार मेलेला. चार्ल्स डिकन्सच्या १८४३च्या नाताळकथेत सुरुवातीलाच आहे. पण दाराचा खिळाच मेलेला का? शेवटी वडिलांना फोन लावला. जाड फळ्यांचं दार, मोठे खिळे, एवढंच सांगितलं.

"त्यात काय? आरपार ठोकून मागनं टोक वाकवत्यात. तसला खिळा परत निघत न्हाई, आन् निघाला तरी कामाचा ऱ्हात न्हाई. मेलेलाच की त्यो."

तेच स्पष्टीकरण नंतर मला इंग्रजीतही वाचायला मिळालं, दीड पानाचं.