भाकरीआधी शेंगदाणे: साखरेचे शोषण संथ कसे करावे
सातारा-सांगलीकडे ज्वारीच्या भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी असतेच. रक्तातील साखर एकदम चढू नये यासाठी फक्त क्रम बदलावा आणि जेवणाच्या सुमारे अर्धा तास आधी थोडे भाजलेले शेंगदाणे चावून खावेत. त्यांतील स्निग्ध पदार्थांचे लहान आतड्यात विघटन होऊन मेदाम्ले तयार होतात, आणि १२ किंवा अधिक कार्बन अणूंची मेदाम्ले तेथील पेशींना कोलेसिस्टोकायनिन व जीएलपी-१ ही संप्रेरके स्रवण्यास उद्युक्त करतात, ज्यामुळे जठर हळू रिकामे होते आणि ग्लुकोज रक्तात सावकाश उतरते. साखर नाहीशी होत नाही, ती उशिरा पोहोचते. म्हणून साखरेने भरलेल्या कंदी पेढ्याला हा उपाय मानू नये. एक ग्रॅम स्निग्धातून ९ किलोकॅलरी मिळतात, तेव्हा शेंगदाणे बेताचेच घ्यावेत. जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच हा बदल करावा.