लाटांत काइटसर्फिंग: वाऱ्याच्या दिशेबाबत या चुका टाळा

काइटसर्फिंग म्हणजे मोठ्या पतंगाच्या, म्हणजे काइटच्या, ओढीने बोर्डवर उभं राहून पाण्यावर धावणं; काइटचे दोर म्हणजे लाइन. नोव्हेंबर लागला की इथे गोव्यात मेसेज सुरू होतात, "दादा, उद्या मोरजीला १५ नॉट दाखवतंय, येऊ का?" अरे पण १५ नॉट कुठून? ताशी २८ किलोमीटरचा वारा किनाऱ्याकडे ढकलतोय की समुद्राकडे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि नव्वद टक्के मुलं दिशा बघतच नाहीत.

त्यात ॲपवरचा बाण उलटा वाचणारेही बरेच. वाऱ्याचं नाव तो जिथून येतो त्यावरून पडतं आणि बाण बहुतेक ॲपवर तो कुठे चाललाय ते दाखवतो, म्हणजे वायव्य वाऱ्याचा बाण आग्नेयेकडे तोंड करून असतो. घोळ होत असेल तर कोरडी वाळू मुठीत घेऊन वर टाका. मी आजही टाकतो.

आता ज्या चुकीने माझी झोप उडवली होती ती. सकाळचा वारा. शाळेत खारे वारे, मतलई वारे शिकलो ना, तेच. रात्री जमीन पाण्याआधी गार होते म्हणून हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, आणि तो समोरून लाटेला तोंड देतो त्यामुळे लाट अशी काचेसारखी गुळगुळीत दिसते की कुणालाही मोह पडावा. पण ऊन चढलं की हा वारा मरतो, आणि खारा वारा यायला दुपार होते. मधे काहीच नाही.

फेब्रुवारीतली गोष्ट, सकाळचे आठ, पुण्याचा एक मुलगा, तीन दिवसांचा कोर्स झालेला, हातात १४ चौरस मीटरची काइट. मी म्हटलं दुपारपर्यंत थांब. तर म्हणाला, सुट्टी आजच संपतेय. सुरूच्या झाडांमागून वारा झटक्याझटक्याने येत होता, तरी लाँच झाली, पहिली दहा मिनिटं मजेत गेली आणि मग लाटांच्या पलीकडे काइट पाण्यात बसली ती बसलीच. रीलाँच करायला, म्हणजे ती पाण्यातून पुन्हा उडवायला, वारा नाही, आणि जो थोडा आहे तो अजून बाहेर नेतोय. मी पळत गेलो, जाळं शिवत बसलेल्या एका काकांनी सुई तशीच टोचून ठेवली, चौघांनी होडी ढकलली. तो सापडला तेव्हा काइटच्या फुगलेल्या नळीला मिठी मारून होता, बोर्ड गेलेला, बोटांवर लाइनचे लाल वळ. काका त्याला ओढून आत घेताना एवढंच म्हणाले, "पुता, हो वारो भायर व्हरता." (पोरा, हा वारा बाहेर नेतो.) त्या दिवशी काका किनाऱ्यावर नसते तर काय, हा विचार मी अजून पूर्ण करत नाही.

तेव्हापासून पाण्यात जायच्या आधी मी ओल्या वाळूत टाचेने किनाऱ्याची रेघ ओढतो, वाऱ्याचा बाण, लाटेचा बाण काढतो आणि स्वतःला विचारतो, आत्ता काइट पडली तर मी वाहत कुठे जाईन? उत्तर "वाळूवर" आलं तरच काइट फुगवायचा पंप काढायचा.

दुसरी चूक व्हिडिओवाली. मॉरिशसचं वन आय किंवा केप व्हर्देमधलं पोंटा प्रेटा अशा नावाजलेल्या लाटांचे व्हिडिओ बघायचे, तिथला जमिनीकडून तिरपा येणारा साइड-ऑफ वारा बघायचा आणि म्हणायचं की लाटांसाठी हाच बेस्ट. खरंच बेस्ट आहे, त्याचं कारणही साधं आहे. लाट तुम्हाला किनाऱ्याकडे नेते. वारा समुद्राकडून सरळ ३० किमीने येत असेल आणि तुम्ही लाटेसोबत २० ने त्याच दिशेला चाललात तर काइटला उरले १०, मग लाइन ढिल्या पडतात, काइट मागे कोसळते. साइड-ऑफमध्ये उलट, लाट पकडली तरी लाइन ताणलेल्या राहतात. पण तिथे उतरणाऱ्यांनी त्याआधी कित्येक सीझन घालवलेले असतात. तुमच्याकडे रेस्क्यू बोट नसेल तर साइड-ऑफ तुमच्यासाठी नाही, या बाबतीत मी कुणाशी वाद घालत नाही.

आपल्या किनाऱ्याचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे दुपारचा वायव्य वारा समुद्राकडे बघताना उजव्या हाताने, थोडा समोरून येतो. हा साइड-ऑन. पाणी जरा खडबडीत होतं, पण काही बिघडलं तर वाळूवर आणून सोडतो. लाटेवर सरळ किनाऱ्याकडे सुटू नका, लाटेच्या अंगाने आडवे जा आणि काइट हलती ठेवा, ढिल्या लाइनचा त्रास बराच कमी होतो. अजून उत्तरेकडे फिरून पूर्ण साइडशोअर, म्हणजे किनाऱ्याला समांतर, झाला तर सोन्याहून पिवळं.

पूर्ण ऑनशोअर, म्हणजे समुद्राकडून सरळ किनाऱ्यावर येणारा, वारा आला तर घरी बसा. फेसाळ पाणी सारखं मागे ढकलतं आणि काइट सुटली की थेट माणसांत नाहीतर झाडांत.

लाट कुठल्या बाजूला फुटत जाते तेही बघा. वारा जातो त्याच बाजूला फुटत गेली तर राइड लांब मिळते, उलट असेल तर दोन वळणांत खेळ संपतो. किनाऱ्यावर वीस मिनिटं बसल्याशिवाय हे कळत नाही, आणि तेवढंच बसायला कुणी तयार नसतं.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे वारा भरपूर असतो म्हणून विचारणारेही असतात. नैऋत्य मान्सून आहे तो, झोडपत किनाऱ्यावर येतो, लाटा काठावरच आपटतात. त्या दिवसांत गिअर धुऊन ठेवा, लाइनची लांबी मोजून सारखी करा, काइटच्या आतल्या ब्लॅडरची (हवेच्या पिशवीची) गळती बघा.