बॅटरी पंप बायकांच्या पाठीला बेतून घ्या

मुंबईत आरेच्या पाड्यांत किंवा गोराई-मनोरीच्या वाड्यांत भाजीवर फवारणी करायची तर १६ लिटरचा पंप भरून पाठीवर घेऊ नका. नुसतं पाणीच १६ किलो होतं. १० लिटर भरा, पट्टे आखडून टाकी खांद्याच्या हाडांखाली चपखल बसवा. पट्टा सैल राहिला की भार कमरेवर येतो आणि दोन वाफ्यांतच पाठ धरते.

१० लिटर निंबोळी अर्कासाठी ५०० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी दुहेरी फडक्यातून गाळून २० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवा आणि पाणी १० लिटरपर्यंत न्या. गाळण्यात घाई केली की नोझल, म्हणजे पंपाचं फवारा सोडणारं तोंड, हमखास तुंबतं. तारेनं टोचू नका, भोक मोठं होऊन थेंब जाड पडतात. तोंडानं तर मुळीच फुंकू नका. जुना दातांचा ब्रश पुरतो. फवारणी त्याच दिवशी संध्याकाळी, कारण उन्हात अर्काचा गुण उतरतो.

पंप चौघींत सामायिक असेल तर चार्जिंगची पाळी ठरवून घ्या. उतरलेली बॅटरी तशीच पडली की लवकर मरते.