छोट्या बेटावर जाताय? आधी बोटीचं बघा
रूम कुठली, बीच कुठला हे नंतर बघा, आधी बोट कुठल्या महिन्यात चालते आणि आठवड्यातून किती वेळा ते विचारून घ्या, कारण अशा बेटावर सगळं बोटीवरच अवलंबून असतं आणि समुद्र खवळला की ती सुटतच नाही, मग तिकीट कितीही कन्फर्म असू दे. म्हणून परतीचं विमान बोटीच्याच दिवशी अजिबात ठेवू नका, मध्ये निदान एक दिवस मोकळा सोडा, दोन सोडलेत तर अजून बरं. शक्यतो सकाळची बोट घ्या, दुपारी बहुतेक वारा वाढतो आणि लाटा पण, ज्यांना बोट लागते त्यांना फरक लगेच कळतो! एटीएम नाहीच असं धरून चाला, कॅश सुट्ट्या नोटांत न्या आणि नीट प्लास्टिकमध्ये गुंडाळून, जेट्टी नसेल तर गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. लाईट जनरेटरवर असेल तर ठराविक तासच, त्यामुळे पॉवरबँक, टॉर्च हवंच. आणि रोजच्या गोळ्या चार-पाच दिवसांच्या जास्तीच्या घ्या, बोट अडकली तर तिथे मेडिकल शोधून सापडणार नाही.