पावसाळ्यातील सड्यावर मॅक्रो लेन्स कशी वापरावी

गोव्यातील जांभ्या दगडाच्या सड्यांवर, म्हणजे मोकळ्या पठारांवर, पावसाळ्यात दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती उगवते, आणि मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून केलेले, छायाचित्रण शिकण्यासाठी तिच्याहून चांगला विषय मला ठाऊक नाही. ती पळून जात नाही. मात्र तिच्या पानांवरील तांबूस केसांच्या टोकाचा चिकट थेंब टिपायचा, तर मॅक्रो लेन्सची प्रत्येक अडचण समोर येतेच.

लेन्सवरील १:१ या प्रमाणाचा अर्थ असा, की वस्तूची कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवर पडणारी प्रतिमा मूळ वस्तूएवढीच असते. फुल-फ्रेम कॅमेऱ्यात अवघा ३६ बाय २४ मिलिमीटरचा भाग चौकट व्यापतो आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्समधील प्रकाशाचे छिद्र, एफ/११ इतके लहान केले तरी फोकसमध्ये येणारा पट्टा जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीचा असतो. ॲपर्चर त्याहून फार लहान केल्यास पट्टा वाढतो खरा, परंतु प्रकाशाच्या विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना तो पसरत असल्याने) संपूर्ण चित्राचा रेखीवपणा जातो. म्हणून फोकसची खोली वाढवण्यापेक्षा आहे ती नीट वापरावी. दवबिंदूची एक जात जमिनीला चिकटून पानांचे गोल चक्र करते. तिच्यावर कॅमेरा सरळ खाली रोखून सेन्सर जमिनीला समांतर ठेवला, तर बहुतेक पाने एकाच प्रतलात येतात. दुसरी जात बारीक, लांब पानांची आणि उभी वाढते. तिच्यासाठी सड्यावर आडवे होऊन एकच पान निवडावे आणि सेन्सर त्याला समांतर धरावा.

ऑटोफोकस बंद करावा. हवे ते प्रमाण फोकस रिंगवर आधी ठरवून घ्यावे, कोपरे जमिनीवर टेकवावीत आणि शरीर किंचित पुढे-मागे झुलवत, थेंब स्पष्ट होताच लागोपाठ तीन-चार फ्रेम घ्याव्यात. अनेक फ्रेम जोडून खोली वाढवण्याची पद्धत उत्तम आहे, पण तिला ट्रायपॉड लागतो आणि वारा पूर्ण पडलेला असावा लागतो. सड्यावर तशी वेळ पहाटेच मिळाली तर मिळते.

प्रकाशाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. १:१ वर सेन्सरपर्यंत पोहोचणारा प्रकाश सुमारे दोन स्टॉपने, म्हणजे एक चतुर्थांशापर्यंत, कमी होतो, त्यात आभाळ भरून आलेले असते. म्हणून फ्लॅशलाच मुख्य प्रकाश मानावे. आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) २००, शटर १/२०० सेकंद, एफ/११ आणि फ्लॅशची शक्ती १/८ येथून सुरुवात करून पुढे चित्र पाहून बदल करावा. प्रत्येक थेंब इवल्या आरशासारखा असतो: उघड्या फ्लॅशचा त्यात पांढरा, जळलेला ठिपका दिसतो, तर मोठा डिफ्यूझर, म्हणजे प्रकाश पसरवणारा पडदा, विषयाच्या अगदी जवळ आणल्यास तेथे मऊ उजेड पसरतो आणि थेंबात अडकलेल्या चिलटाचे पाय वेगळे ओळखता येतात. मागची बाजू काळी पडत असेल, तर शटर १/६० पर्यंत उतरवावे, म्हणजे मागची हिरवळ उमटते.

पुढे हुमल्यांसारख्या चावऱ्या मुंग्यांकडे वळायचे असेल, तर ९० ते १०५ मिलिमीटरची लेन्स घ्यावी. तिच्यात १:१ वर विषय आणि काच यांमध्ये साधारण १२ ते १५ सेंटिमीटर अंतर उरते. ६० मिलिमीटरच्या लेन्समध्ये ते आणखी कमी असल्याने लेन्सचीच सावली विषयावर पडते.

गुडघा टेकण्यापूर्वी तेथे काय उगवले आहे ते पाहावे. गोव्यातील मोकळे सडे कमी होत चालले आहेत, आणि एका चित्रासाठी दहा रोपे चिरडणे मला मान्य नाही. आड येणारे गवत उपटू नये, हलकेच बाजूला वाकवावे.

वातानुकूलित गाडीतून लेन्स थेट दमट हवेत काढल्यास काचेवर बाष्प जमते. सड्यावर पोहोचल्यावर ती अर्धा तास बॅगेतच बंद राहू द्यावी. घरी परतल्यावर बाहेरून पुसून, पूर्ण वाळवून, सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवलेल्या हवाबंद डब्यात ठेवावी व आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. आपल्याकडील पावसाळ्यात कपाटात नुसत्या पडून राहिलेल्या लेन्सच्या आतील काचांवर बुरशी धरते आणि ती काढण्यासाठी संपूर्ण लेन्स उघडावी लागते.